आजार जुना की नवा? क्लेमचा निकाल तारखेवर लागतो

कापडाच्या धंद्यात एक जुना दस्तूर आहे. ताग्यात कुठे तार तुटलेली असेल, तेलाचा डाग असेल किंवा पट्टा पडला असेल, तर त्या जागी काठाला एक रंगीत दोरा बांधून ठेवतात. गिऱ्हाईक तागा उलगडतो, दोरा पाहतो आणि तेवढ्यापुरती कसर आधीच ठरवून घेतो. ऐब सांगून विकलेला माल सहसा परत येत नाही. ऐब लपवून विकलेला माल मात्र परत येतो आणि जाताना आपली साख घेऊन जातो.

आरोग्य विम्याचा व्यवहार याच जातीचा आहे. फरक इतकाच की इथे तागा म्हणजे आपले शरीर आणि त्यातला ऐब फक्त आपल्यालाच ठाऊक असतो. म्हणूनच कायद्याने विमा हा परम विश्वासाचा करार मानला आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे विकार, हृदयरोग असे जन्मभर साथ करणारे आजार आज आपल्या पेठांत आणि कारखान्यांत घरोघर आहेत. पॉलिसी घेतलेले बांधवही पूर्वीपेक्षा वाढले आहेत. पण क्लेमची वेळ आली की कंपनीचे पत्र येते, ‘हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा असल्याने दावा मंजूर करता येत नाही.’ हे पत्र का येते, कोणत्या कागदाच्या आधारे येते आणि ते येऊ नये म्हणून काय करावे, एवढाच आजचा विषय आहे.

एका हाजीसाहेबांचा मामला

आमच्या परिचयाचे एक यंत्रमागमालक २०१७ साली हजला जाऊन आले. २०१८ साली त्यांनी आरोग्य विमा घेतला. अर्जात मधुमेहाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले आणि ते खरेच होते. २०१९ साली चक्कर आली म्हणून रक्त तपासले, तेव्हा शुगर निघाली. २०२१ साली छातीत कळ आली, रात्री इस्पितळात नेले, स्टेंट बसवला. बिल साडेतीन लाखांच्या घरात गेले.

कंपनीने क्लेम नाकारला. कारण काय, तर इस्पितळाच्या केस पेपरवर पहिल्याच पानावर लिहिले होते, ‘बारा वर्षांपासून मधुमेह.’ हे आले कुठून? त्या रात्री सोबत असलेल्या कोवळ्या पुतण्याला ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारले, शुगर आहे का, घरात कुणाला आहे का, केव्हापासून? पुतण्याने आपल्या वडिलांचे, म्हणजे हाजीसाहेबांच्या मोठ्या भावाचे, बारा वर्षांचे दुखणे सांगितले. घाईत दोन उत्तरांची एक ओळ झाली. त्या एका ओळीने खरे बोलणारा माणूस कागदावर खोटा ठरला.

हाजीसाहेबांना वाचवले ते एका जुन्या अहवालाने. हजला जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःहून रक्त तपासून घेतले होते आणि तो कागद पासपोर्टच्या पिशवीत तसाच राहिला होता. त्यात शुगर बरोबर होती. त्यासोबत २०१९ सालची पहिली चिठ्ठी आणि औषधाच्या दुकानाचे पहिले बिल जोडले. ज्या डॉक्टरांनी प्रथम निदान केले त्यांचा दाखला जोडला आणि इस्पितळाकडून केस पेपरातील नोंदीबाबत खुलासा घेतला. कंपनीच्या तक्रार विभागाने फाइल पुन्हा उघडली आणि चार महिन्यांनी पैसे मिळाले.

वाचकांनी यातील गोम ध्यानात घ्यावी. भांडण आजाराचे नव्हते, तारखेचे होते. ज्याच्याकडे तारखेचा कागद, त्याची बाजू भक्कम.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नेमके काय?

विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, ज्याला आपण इर्डा म्हणतो, २०२४ साली नवे नियम केले. ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांतील व्याख्या साध्या भाषेत अशी आहे: पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे, दुखापतीचे किंवा विकाराचे निदान डॉक्टरांनी केले असेल, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला अथवा उपचार घेतला असेल वा सुचवला गेला असेल, तो आधीपासूनचा आजार. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती.

यात ‘डॉक्टरांनी’ हा शब्द मोलाचा आहे. पायाला मुंग्या येत होत्या किंवा जिना चढताना धाप लागत होती, एवढ्यावरून आजार आधीचा ठरत नाही. डॉक्टरांचे निदान, सल्ला किंवा उपचार असावा लागतो. कंपनीने ‘हा आजार एका वर्षात होत नाही, म्हणजे आधीचाच असणार’ असा नुसता अंदाज लिहून पाठवला, तर त्यावर गप्प बसू नये. कोणत्या डॉक्टरांच्या कोणत्या तारखेच्या कागदावरून असे म्हणता, हे लेखी विचारावे.

आता तीन मुदती पाठ कराव्यात.

पहिली मुदत ३० दिवसांची. नवी पॉलिसी घेतल्यावर साधारणपणे पहिल्या ३० दिवसांत अपघात सोडून इतर आजाराचा खर्च मिळत नाही.

दुसरी मुदत ३६ महिन्यांची. आपण अर्जात सांगितलेल्या जुन्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त इतकेच थांबायला लावू शकते. काही पॉलिसींत हा काळ याहून कमी असतो. मोतीबिंदू, हर्निया, सांधेबदल अशा ठरावीक उपचारांनाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो, पण तोही ३६ महिन्यांच्या वर नेता येत नाही.

तिसरी मुदत ६० महिन्यांची. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की त्यानंतर माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनीला क्लेम अडवता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अडवता येतो. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

सलग हा शब्दही तितकाच मोलाचा. हप्ता चुकला आणि सवलतीचे दिवसही निघून गेले, तर सगळी मोजणी नव्याने सुरू होते. वार्षिक हप्त्याला ३० दिवस आणि मासिक हप्त्याला १५ दिवसांची सवलत मिळते. आपल्याकडे मंदी आली, सूत महागले की पहिली कुऱ्हाड विम्याच्या हप्त्यावर पडते. चार वर्षांची कमाई एका महिन्याच्या आळसाने जाते.

विम्याची रक्कम वाढवली, तर वाढीव रकमेपुरती मोजणी वाढवलेल्या दिवसापासून होते. म्हणजे पाच वर्षे तीन लाखांची पॉलिसी होती आणि काल दहा लाखांची केली, तर जुने संरक्षण तीन लाखांनाच आहे. कंपनी बदलायची असेल तर पॉलिसी बंद करून नवी घेऊ नये. पोर्ट करून घ्यावी, म्हणजे जुनी वर्षे जुन्या रकमेपुरती हिशेबात धरली जातात. ज्यांच्या जुन्या पॉलिसीवर अजून ४८ महिने किंवा आठ वर्षे छापलेले आहे, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी नवे कलम लेखी मागून घ्यावे.

लपवण्याचा हिशेब तोट्याचा

बरेच एजंट म्हणतात, ‘शेठ, बीपीचे लिहू नका. लिहिले तर हप्ता वाढेल, तीन वर्षे थांबावे लागेल.’ आम्हालाही असा सल्ला मिळाला होता. तो सल्ला व्यापाऱ्याच्या वहीत मांडून पाहू.

आजार सांगितला, तर जास्तीत जास्त तीन वर्षे त्या आजारापुरते थांबायचे. कदाचित हप्ता थोडा जास्त पडेल. बाकी आजारांचे संरक्षण मधल्या काळातही चालू राहते. आजार लपवला, तर पाच वर्षे टांगती तलवार. त्या काळात कधीही केस पेपर उलगडले तर क्लेम जातो, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि पुढच्या कंपनीच्या अर्जात ‘पूर्वी पॉलिसी नाकारली वा रद्द झाली होती काय’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. पाच वर्षांनंतरही फसवणुकीचा मुद्दा उरतोच. तीन वर्षे वाचवायला जाऊन माणूस पाच वर्षांचे भय विकत घेतो. याला कोणी नफा म्हणेल काय?

आमच्या माहितीतील एका रंगारी कारागिराने एजंटच्या सांगण्यावरून रक्तदाबाचा रकाना ‘नाही’ केला. तिसऱ्या वर्षी मूत्रपिंडाचे दुखणे निघाले. तपासणीसाने त्याच्याच गल्लीतील औषधाच्या दुकानातून पॉलिसीपूर्वीची बिले काढली. क्लेम गेला, पॉलिसी गेली, आणि डायलिसिससाठी घरातील दागिने गेले. अर्ज एजंटने भरला होता, सही मात्र कारागिराची होती. ती इंग्रजीत छापलेल्या अर्जावर, न वाचता केलेली होती.

आपल्याला तर हे शिकवायला नको. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले निघाले, आणि ओला भाग वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकला असेल. विम्याच्या अर्जावर विक्रेता आपणच असतो.

तपासणी कशी होते?

क्लेम मोठा असला किंवा पॉलिसी नवी असली, की कंपनी किंवा तिच्या वतीने काम पाहणारी टी.पी.ए. संस्था फाइल बारकाईने पाहते. आजार दीर्घकाळचा असेल तर हमखास पाहते. काय काय पाहते ते ऐका.

एक, इस्पितळाचे आतले केस पेपर, विशेषतः भरती करतानाचे पहिले पान. दोन, डिस्चार्ज कार्ड. तीन, आजार पहिल्यांदा कळला त्या दिवसाची चिठ्ठी व तपासणी अहवाल. चार, औषधांची बिले. पाच, फॅमिली डॉक्टरांचा दाखला. सहा, पूर्वीच्या भरतीची कागदपत्रे. कधी तपासणीस घरी किंवा दुकानावर येतो, गप्पांत विचारतो, ‘चाचांना किती वर्षांपासून त्रास आहे?’ आणि घरचे लोक सहानुभूतीपोटी ‘फार जुना त्रास आहे’ असे सांगून मोकळे होतात.

म्हणून भरतीच्या वेळी रुग्णासोबत असा माणूस असावा, ज्याला तारखा ठाऊक आहेत. ठाऊक नसेल तर ‘नक्की माहीत नाही, कागद पाहून सांगतो’ असे म्हणावे. अंदाजाने वर्षे सांगू नयेत. डॉक्टरांशी खोटे बोलावे असा याचा अर्थ बिलकूल नाही. उपचारासाठी खरी माहिती द्यावीच लागते. पण खरी माहिती म्हणजे अंदाज नव्हे. डिस्चार्ज कार्ड हातात पडताच वाचावे, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावे, आणि चूक असेल तर इस्पितळ सोडण्यापूर्वीच डॉक्टरांकडून सही-शिक्क्याने दुरुस्त करून घ्यावी. क्लेम नाकारल्यानंतर केलेल्या दुरुस्तीकडे संशयाने पाहिले जाते.

न्यायालयांनी काय म्हटले?

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल या विषयावर दिशा दाखवतात.

२००९ सालच्या निकालात मामला १९९० सालच्या मेडिक्लेम पॉलिसीचा होता. विमेदाराला जुना मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार होता, अर्जात मात्र प्रकृती ठणठणीत असल्याचे लिहिले होते. काही महिन्यांतच त्याचा मृत्यू झाला. न्यायालयाने कंपनीचा नकार योग्य ठरवला. ज्या माहितीने कंपनीचा निर्णय बदलला असता ती लपवता येत नाही, हे त्यातील सूत्र.

२०१५ सालचा निकाल जीवन विम्याचा होता. विमेदाराने कंबरेच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते, पण मृत्यू हृदयविकाराने झाला. न सांगितलेल्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नव्हता, म्हणून न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला.

डिसेंबर २०२१ चा निकाल परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचा. प्रवाशाने मधुमेह असल्याचे सांगितले होते, अमेरिकेत पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचे सांगितले नाही, असे म्हणून कंपनीने पैसे नाकारले. न्यायालयाने तो नकार रद्द केला. प्रकृतीची माहिती घेऊन, पारखून पॉलिसी दिल्यावर त्याच माहितीतील जोखमीकडे बोट दाखवून कंपनीला मागे फिरता येत नाही.

तिन्ही निकाल जोडून वाचले तर धडा एकच निघतो. ज्याने दोरा बांधून तागा दिला, त्याच्या पाठीशी न्यायालय उभे राहते. जीवन विम्यात तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने हरकत घेता येत नाही. पण हे कलम जीवन विम्याचे आहे, आरोग्य विम्याला लावू नये.

काम बंद पडले तर?

कारागिराला इस्पितळाच्या बिलाइतकीच भीती असते ती हात थांबण्याची. अमेरिका-कॅनडात आजाराने माणूस कामाला मुकला तर दरमहा पगाराचा काही भाग देणाऱ्या दीर्घ मुदतीच्या पॉलिसी असतात, आणि तिथेही ‘आजार आधीचा होता काय’ यावरच खटले चालतात. आपल्याकडे स्वतःचा धंदा करणाऱ्यास असे संरक्षण सहजी मिळत नाही. मिळते ते बहुधा वैयक्तिक अपघात विम्याचे, आणि तो फक्त अपघाताला लागू असतो.

इथेही जुना आजार आडवा येतो. समजा, सुताचा बीम पायावर पडला, अंगठ्याला जखम झाली, कामगाराला मधुमेह असल्याने ती चिघळली आणि पाय कापावा लागला. कंपनी म्हणते, पाय मधुमेहाने गेला. आपण म्हणतो, बीम पडला म्हणून गेला. अशा वेळी दुखापतीच्या दिवसाचा डॉक्टरांचा कागद नसेल तर बाजू लंगडी पडते. म्हणून जखम लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी, आणि ती कशाने झाली हे कागदावर लिहून घ्यावे.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हात, दोन्ही पाय वा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख, आणि एक हात, एक पाय वा एक डोळा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० हवे. आजाराने आलेले अपंगत्व यात बसत नाही.

आजारातही मजुरी देणारी एक व्यवस्था आहे, ती ई.एस.आय.ची. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, ठरलेल्या वेतनमर्यादेतील कामगाराला तिचा हक्क आहे. क्षयरोगासह ३४ दीर्घ आजारांसाठी, नोकरी व वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर, सरासरी मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार तर कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीतील जे मालक कामगारांची नोंद चुकवतात, त्यांनी विचार करावा. ती बचत कोणाच्या ताटातून होते?

ज्यांना जुन्या आजारामुळे कोणतीच कंपनी पॉलिसी देत नाही, त्यांनी आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले नाव व कार्ड पाहून घ्यावे. आयुष्मान योजनेत जुना आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. २०२४ पासून ७० वर्षांवरील ज्येष्ठांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

क्लेम नाकारला तर

नकार नेहमी लेखी मागावा, पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली हे त्यात असावे. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जावे. लोकपालांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत, फी नाही, वकिलाची गरज नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार द्यावी लागते. २०२३ पासून ते ५० लाखांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा दरवाजा खुला आहे, तिथे मुदत दोन वर्षांची.

विमा घ्यावा की नाही, कोणता घ्यावा, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. मलेशिया व आखाती देशांत तकाफुल कंपन्या आहेत, आपल्याकडे तशी कंपनी नाही. हा लेख फतवा नव्हे. ज्याला शंका असेल त्याने आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण ज्याने घेतला आहे, त्याने तो सचोटीने आणि कागदानिशी घ्यावा, यात कोणाचा मतभेद असणार?

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, मुदतीसह लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण उधारीची वही जपतो, शरीराची वही जपत नाही. आजच एक फाइल करावी. पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती, भरलेल्या अर्जाची झेरॉक्स, प्रत्येक आजाराचा पहिला अहवाल, पहिली चिठ्ठी, हप्त्याच्या पावत्या, असे सर्व तारखेप्रमाणे त्यात लावावे. फाइल कुठे आहे हे घरातल्या बायकांना आणि थोरल्या मुलाला दाखवून ठेवावे. कारण ज्या रात्री ती लागेल, त्या रात्री आपण बोलण्याच्या स्थितीत असूच असे नाही. अल्लाहतआला सर्वांना तंदुरुस्ती देवो. आमीन.